टक् आवाजाचा खुलासा

३ मार्च, सोमवार

मिस्त्रीकाका,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, ज्या घराने तुम्हाला कामावरून काढलं त्याच घरातल्या माणसाने असं लिहिलेलं तुम्हाला टोचेल. म्हणून कागद बदलला.

पत्राचं कारण एवढंच की तुमची हत्यारं या पार्सलमधून पाठवत आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी ती कपाटातच राहिली. मायक्रोमीटर डबीसकट आहे. कानशी तीन आहेत. तिरप्या खाचांसाठी तुम्ही स्वतः घासून केलेलं हत्यार वेगळ्या फडक्यात गुंडाळलं आहे, धार बोथट होऊ नये म्हणून. चष्माही आहे, काडीला दोरा बांधलेला. यादी सोबत आहे. तिच्यावर सही करून एक प्रत परत पाठवावी, म्हणजे माझ्याकडे पोच राहील.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या लेथवर दादा स्वतः उभा राहतो. पाच आठवड्यांत पंपाच्या एकसष्ट झडपा झाल्या, त्यातल्या चौदा गळतात. गळकी झडप तो उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मी तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावतो.

तुमचं नाव तो घेत नाही. 'लेथवाला' म्हणतो. त्या सकाळी तो जे बोलला ते मला पाठ आहे. "पंपवाल्या कंपनीचा विक्रेता लिहून देतो की आपण पेटंटचा अर्ज करायच्या आधीच त्याने झडपेच्या आतली आकृती बाहेर पाहिली होती. आकृतीला काय पंख फुटले? आणि तुमचा जावई त्याच कंपनीत." तुम्ही म्हणालात, "मालक, तीस वर्षांत मी आकृती बघून काम केलेलं तुम्ही पाहिलंय का? मला कळत नाही ती चीज मी चोरून कशाला नेऊ?" दोघे कामगार हसले. दादा हसला नाही. तुमचा डबा उचलून तुम्ही गेलात. आमच्या वडिलांच्या वेळचा माणूस असा गेला.

मी तिथेच होतो. तुम्ही पाहिलं असेल.

ताईंना नमस्कार. जावयांनाही.

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्रीकाका,

ताईंनी लिहिलेलं कार्ड मिळालं. 'हत्यारं पोचली. चपटी कानस आमची नाही, परत पाठवत आहे. बाबा ठीक आहेत.' यादीची प्रत आली नाही, पण कार्डच पोच म्हणून लावून ठेवलं. कानस तुमचीच असेल असं मी धरून चाललो होतो. चूक माझी.

दुसरं म्हणजे तुम्हाला आलेली नोटीस. 'सदर झडप किंवा तिच्यासारखी कोणतीही वस्तू आपण बनवू, विकू अथवा दुरुस्त करू नये.' ती वकीलसाहेबांनी सांगितली पण टाइप मी केली. तुम्ही बनवणार नाही हे मला माहीत होतं. तरी शेवटी तुमचा पत्ता घातला आणि दोनदा तपासला. तपासताना लक्षात आलं की खाचांचा अकरा अंशाचा कोन तुम्हीच शोधलात. नऊ अंशाला झडप फिरायचीच नाही, पंधराला अडकायची. तीन दिवस तुम्ही कानस घेऊन बसला होतात. अर्जात शोध लावणाऱ्याचं नाव लिहिताना मी दादाला विचारलं होतं, "मिस्त्रीकाकांचंही घालायचं का?" तो म्हणाला, "डोकं माझं, हात त्यांचे. हातांचं नाव कोण लिहितं?" आणि तुम्ही लेथवरून मला नेहमीच्या हाकेने ओरडलात, "अरे ए शुद्धलेखन, माझं नाव कशाला? मला काय ते भिंतीवर टांगायचंय?" म्हणून लिहिलं नाही.

सुनावणी १६ एप्रिलला आहे. कंपनीची हरकत एवढीच: शोध अर्जाच्या आधीच बाहेर माहीत झाला होता, म्हणून पेटंट रद्द करा. वकीलसाहेब म्हणतात, त्यांच्याकडे आकृतीचा कागद नाही, फक्त विक्रेत्याने लिहून दिलेला जबाब आहे, आणि कुठे पाहिलं तेही त्याला आठवत नाही. आपल्या बाजूने मी प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे. आकृत्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, म्हणून मी. 'अर्जाच्या तारखेपूर्वी एकही आकृती कारखान्याबाहेर गेली नाही.' एक वाक्य आहे.

ते टिकलं तर पेटंट टिकेल. गेलं तर कंपनीचा साचा तयारच आहे, असं दादा म्हणतो. आपण बाकीचं सगळं काम बंद करून हीच एक झडप धरली. अकरा माणसं तिच्यावर आहेत.

तुम्हाला कुठे काम मिळालं का, हे कार्डावर नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

मिस्त्रीकाका,

ताईंचं पत्र मिळालं. तीन ठिकाणी विचारलंत आणि तिन्ही ठिकाणी 'आकृती विकणारा तो हाच ना' असं ऐकलंत, हे वाचलं. तिसऱ्या ठिकाणी तर चहा समोर ठेवून म्हणाले, असं ताई लिहितात. जावयांनाही कंपनीत बोलावून विचारलं, तेही वाचलं.

आता मी जे लिहितो ते सरळ लिहितो, कारण फिरवून लिहिलं तर माझ्याकडून राहून जाईल.

आकृती मी बाहेर दिली.

अर्जाच्या आधी आपण तीस झडपा वापरून बघायला दिल्या होत्या, आठवतं का? दुग्धालय, रुग्णालय, लाँड्री. प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं की झडप उघडणार नाही. झडप बंद डबीत, कापल्याशिवाय आतलं दिसत नाही, त्यामुळे दादा निर्धास्त होता. चौथ्या दिवशी लाँड्रीवाल्या बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या झडपेत काहीतरी तुटलंय. पंप सुरू झाला की टक् करतं. माझ्या छातीत धस्स होतं." मी म्हणालो, तो आवाज चांगला आहे. त्या म्हणाल्या, "चांगला आवाज? तुम्ही येऊन ऐका मग रोज." मग रुग्णालयातूनही तेच.

मला त्यांचं पटलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. म्हणून बसून एक पानाचा कागद केला. मथळा: 'टक् आवाजाबाबत खुलासा.' खाली लिहिलं: 'आवाज आल्यास घाबरू नये. पाणी वर चढताना झडपेच्या खालच्या तिरप्या खाचांमुळे तिला किंचित गिरकी मिळते व बंद होताना ती दरवेळी नव्या जागी बसते. त्यामुळे वाळूचा कण एकाच ठिकाणी साचून झडप गळत नाही. ही गिरकी पूर्ण झाल्याचा तो आवाज आहे.' आणि शब्दांनी कळेल की नाही अशी शंका आली म्हणून शेजारी झडप मधोमध कापलेली आकृती काढली. खाचांचा कोनही घातला, अर्धवट माहिती देऊ नये म्हणून. तीस प्रती काढल्या, दोन दिवसांत सगळ्यांना पोचवल्या. फोन बंद झाले. माझा जीव भांड्यात पडला. दादाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. ते गिऱ्हाइकाला समजावणं होतं.

तळाशी तारीख घातली. मी प्रत्येक कागदावर घालतो.

अर्ज त्यानंतर पाच आठवड्यांनी गेला. त्या दिवशी वकीलसाहेब दादाला समजावून सांगत होते, मी शेजारी फाइल धरून. "हा सौदा आहे. तुम्ही शोध सरकारला काहीही न लपवता सांगायचा, बदल्यात वीस वर्षं दुसऱ्या कुणी तो करायचा नाही. पण सरकारच्या आधी जगाला सांगितलात तर विकायला तुमच्याकडे काही उरत नाही. आजपर्यंत कुणाला दाखवलंय?" दादा म्हणाला, "कुणाला नाही." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही?" मीही म्हणालो, "नाही." ते म्हणताना मला कागद आठवला. आधी नव्हता आठवला.

दुसऱ्या दिवसापासून मी ते कागद परत गोळा केले. 'सूचना सुधारायच्या आहेत' असं सांगून. एकोणतीस मिळाले. लाँड्रीतला मिळाला नाही. बाई म्हणाल्या, पंपाच्या खोलीत चिकटवला होता, ओलाव्याने पडला असेल, कुणीतरी टाकला असेल. त्या खोलीत कंपनीच्या विक्रेत्याचं जाणं-येणं आहे, पंप त्यांचाच आहे.

अठ्ठावीस फाडले. एक फाइलला लावला. सगळे फाडले असते तर नोंद राहिली नसती.

तुम्हाला काढलं तेव्हा हे सगळं मला माहीत होतं.

५ एप्रिल, शनिवार

मिस्त्रीकाका,

तुमचं उत्तर एका ओळीचं आलं. 'दादाला सांगितलंस का?' ताईंचं अक्षर, पण प्रश्न तुमचाच.

नाही.

प्रयत्न केला. परवा जेवताना वहिनींनी विचारलं, "सुनावणीला कोणते कपडे घालणार?" दादा म्हणाला, "हा जे घालेल त्याच्याकडे बघतील. माझ्याकडे कोण बघतंय, साक्षीदार हा आहे." मग मला म्हणाला, "घाबरू नकोस. एकच वाक्य आहे, आणि खरं आहे." मी भाजी मागितली. वहिनी म्हणाल्या, "ताटात आहे की."

काल वर्कशॉपमध्ये तो लेथ बंद करून उभा होता. बोट कापलं होतं, फार नाही. मी पट्टी बांधली. तो म्हणाला, "लेथवाल्याची एक गोष्ट कबूल करायला लागेल. हत्यार किती हलक्या हाताने लावायचं ते त्याला कळायचं." मग म्हणाला, "पण तोंड हलकं होतं." मी पट्टीची गाठ मारली. तेव्हा बोलायला हवं होतं. गाठ नीट बसली का ते बघत राहिलो.

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं आहे. सही सुनावणीच्या सकाळी वकीलसाहेबांच्या कचेरीत करायची. मी ते वाचलं. त्यात माझ्याबद्दल लिहिलं आहे: 'सदर इसम नवव्या इयत्तेपर्यंत शिकलेला असून कागदपत्रे ठेवण्यात अत्यंत काटेकोर आहे.'

मला काही वाटत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. जेवतो, झोपतो, चिठ्ठ्या लावतो. दात काढताना इंजेक्शन देतात आणि आपण बोटाने गाल दाबून बघतो, तसं आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

मिस्त्रीकाका,

काल सुनावणी झाली. क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला वकीलसाहेबांच्या कचेरीत गेलो. त्यांनी प्रतिज्ञापत्र समोर ठेवलं, पेनचं टोपण काढून दिलं. मी खिशातून पाकीट काढलं आणि दादाला दिलं. त्यात माझ्या अक्षरात दीड पान होतं आणि फाइलमधला तो कागद.

दादाने वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वकीलसाहेबांनी हात पुढे केला, दादाने तिकडे न बघता कागद त्यांना दिले. त्यांनी वाचून कागद टेबलावर पालथे घातले.

"हे मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "कळतंय ना मी काय म्हणतोय? समोरच्यांकडे कागद नाही. हा एकुलता एक आहे आणि तो आपल्या खोलीत आहे. मी जरा बाहेर जाऊन येतो."

ते बाहेर गेले. पंखा चालू होता आणि पालथ्या कागदाचा कोपरा उडत होता. दादाने त्याच्यावर स्टेपलर ठेवला.

"कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"अर्ज केला त्या दिवसापासून."

"आणि मी मिस्त्रीला... तेव्हा?"

"तेव्हाही."

त्याने बोटाची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, "पाकीट तुझं आहे. मी देणार नाही. अडवणारही नाही. अकरा माणसांना काय सांगायचं ते मात्र तू सांग, ते मी सांगणार नाही."

वकीलसाहेब आत आले. मी म्हणालो, सही करणार नाही, हेच द्यायचं आहे. ते म्हणाले, "सतरा वर्षांत असा अशील पाहिला नाही. मी खोटं दाखल करणार नाही, पण हे मी हाताने देणार नाही. तुम्ही द्या."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई होत्या. कागद उजेडाकडे धरून त्यांनी पाहिला. "तारीख छापलेली आहे. नंतर घातलेली नाही कशावरून?" मी म्हणालो, मी प्रत्येक कागदावर घालतो, झेरॉक्सच्या दुकानाची त्याच दिवसाची पावती मागे टाचलेली आहे. त्यांनी कागद उलटा केला. कंपनीचा वकील उभा राहिला होता, तो खाली बसला.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काही?" मी म्हणालो, "एक आहे. आकृती दिल्याचा आळ आमच्या मिस्त्रींवर आला होता. त्यांनी दिली नाही. हे निकालात लिहिलं जावं." त्या म्हणाल्या, निकालात असं लिहिण्याची पद्धत नाही. मग म्हणाल्या, "जबाबात लिहून घेते. जबाब निकालाचा भाग असतो."

बाहेर दादाने विचारलं, "चहा घेणार?" आम्ही घेतला. दोघांचे पैसे त्याने दिले.

१५ मे, गुरुवार

मिस्त्रीकाका,

निकालाची प्रत सोबत आहे. पेटंट रद्द झालं. तुमच्याबद्दलचा मजकूर चौदाव्या परिच्छेदात आहे, मी समासात पेन्सिलीने रेघ मारली आहे. हे कुणालाही दाखवता येईल, शिक्का आहे.

आता ही झडप कोणीही करावी. तुम्हाला पाठवलेली नोटीस आपोआप रद्द झाली, तरी वेगळं पत्र जोडलं आहे, त्यावर दादाची सही आहे. त्याने न वाचता केली.

निकालानंतर नवव्या दिवशी कंपनीचा माल बाजारात आला. एक झडप आणून कापून पाहिली. खाचा अकरा अंशाच्याच आहेत. आपल्याकडे सहा माणसं उरली. ज्या पाच जणांना सांगायचं होतं त्यांना मीच सांगितलं. एक जण म्हणाला, "कागद लिहायच्या आधी एकदा आम्हाला विचारलं असतंस, आम्ही सांगितलं असतं, बाईला म्हणावं कानात कापूस घाल." बाकीचे हसले नाहीत.

ताईंच्या पत्रात तुम्ही विचारलंत: 'मला बाहेर काढलं तेव्हा हा दाराशी होता. माहीत होतं, तर बोलला का नाही? भीती वाटली म्हणून नको सांगू, भीती तर याला पोस्टात जायचीही वाटते.'

बरोबर आहे. भीती हे उत्तर नाही.

विक्रेत्याचं लेखी आलं तेव्हा दादा दोन दिवस कपाट, खिडक्या, कुलपं तपासत होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाकडे आला आणि म्हणाला, "तुझे सगळे कागद काढ." आणि मी म्हणालो, "मिस्त्रीकाकांचे जावई त्या कंपनीत लागलेत, तुला माहीत आहे ना?" एवढंच. तुम्ही दिली असं म्हणालो नाही. जावयांच्या नोकरीचे पेढे तुम्ही मला एकट्याला दिले होते, दादा तेव्हा गावाला गेला होता. त्याला माहीत नव्हतं. तो टेबलापासून वळला आणि सरळ तुमच्याकडे गेला.

म्हणून बोललो नाही. माझा कागद वाचवण्यासाठी गप्प बसलो असतो तर निदान ती एक चूक झाली असती. मी तुम्हाला आधीच पुढे केलं होतं. मग चार-पाच दिवस मला असंही वाटलं, की कदाचित तुम्हीही कुणाला बोलला असाल. तसं निघावं असं मला वाटत होतं.

हे सुनावणीत सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. दादाला काल सांगितलं. तो म्हणाला, "हे मला नाही, त्यांना सांग."

११ जून, बुधवार

मिस्त्रीकाका,

ताईंचं पत्र काल मिळालं. त्यांनी लिहिलं आहे की माझं पत्र तुम्ही दोनदा वाचून घेतलंत. मग डबा घेऊन कामावर गेलात. पंपदुरुस्तीच्या दुकानात लेथ जुना आहे पण खरा आहे, असं तुम्ही म्हणता. मालकाने चौदावा परिच्छेद वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून या म्हणाला. झडपाही करता, गिऱ्हाईक मागतं तशा. हे सगळं समजलं.

खाली ताईंनी वेगळ्या शाईने लिहिलं आहे: 'बाबा म्हणतात, त्याने सांगितलं ते ऐकलं. दादाला यायचं असेल तर त्याने यावं, रविवारी मी घरी असतो. याने येऊ नये. आणि आता पत्र नको.'

दादाला दाखवलं. तो रविवारी निघतो आहे. बसची वेळ मी काढून दिली आहे.

हे पत्र फक्त पोच म्हणून. तुमचा निरोप मिळाला. त्याप्रमाणे करतो.